सातव्या पावलाला

भोईवाड्यात एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. त्याच्या मागच्या शेडमध्ये नाना तेंडोलकरांनी हलत्या चित्रांचा उद्योग मांडला, तेव्हा परळच्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. दारावरची पाटी म्हणायची ‘तेंडोलकर चित्रशाळा’, पण आसपासच्या चाळींत तिला नाव पडलं होतं भुतांचा कारखाना. खिडकीतून डोकावलं तर दहा-बारा माणसं काचेच्या टेबलांवर वाकलेली, टेबलांच्या आत दिवे लावलेले आणि सगळ्यांची तोंडं खालून उजळलेली. मग दुसरं काय म्हणायचं?

नाना आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. जीभ तिखट आणि हट्ट त्याहून तिखट. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते त्याला थांबायला सांगणारे. त्यांनी डोक्यात घेतलं होतं ते असं, की विलायती चित्रांतला माणूस रबराचा असतो. पडला तर उसळतो, चेपला तर फुगतो. “त्याला बघून हसू येतं,” नाना म्हणायचे, “पण तो मेला तर कोणी रडेल का? रबरासाठी कोण रडतं?” म्हणून नवा चित्रकार आला की पंधरा दिवस ते त्याच्या हातात रंग देत नसत. त्याला गिरणीच्या फाटकासमोर बसवायचे. भोंगा वाजला, पाळी सुटली, की बाहेर पडणाऱ्यांचे फक्त पाय काढायचे. गोणी वाहणारा कसा चालतो, दिवसभर उभा राहणारा कसा चालतो, पगार झालेला कसा आणि कामावरून काढलेला कसा. कोणी चुकून चेहरा काढलाच तर नाना तो कागद फाडून हातात देत. आधी चाल, मग चेहरा, हा तिथला कायदा. पुढे त्या शेडमधून शिकून गेलेली माणसं जिथे जिथे कामाला लागली तिथे तिथे हा कायदा घेऊन गेली. नानांचं नाव मात्र मागेच राहिलं. कायद्याला नाव कोण विचारतो!

या नानांना एक दहा मिनिटांची गोष्ट करायची होती. एक विणकर आहे, त्यानं विणलेलं कापड वाऱ्यावर उडून जातं आणि तो ते शोधत गावभर फिरतो. एवढीच. पण त्या विणकराची चाल त्यांना तीन महिने सापडेना. सापडली ती पंचावन्न सालच्या दिवाळीआधी, सीताराम धुरीच्या पायांत.

सीताराम लालबागच्या चाळीत राहायचा आणि गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, विणकर होता. नाना फाटकापासून त्याच्या मागे लागले. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मागे मागे येणारा माणूस हा साध्या वेशातला पोलीस, हे गिरणगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सीतारामनं दोनदा वळून पाहिलं, तिसऱ्यांदा थेट नानांचं मानगूट धरलं. नानांनी पिशवीतून पायांची चित्रं काढून दाखवली तेव्हा कुठे सुटका झाली. आणि सुटका झाल्या झाल्या नाना म्हणाले, “रविवारी माझ्याकडे ये. नुसतं चालायचं.”

सीताराम सलग तीन रविवार गेला. का गेला, ते त्यालाच ठाऊक. बोलायला मुलखाचा कंजूष माणूस. त्याची बायको सुभद्रा दुपारी डबा घेऊन जायची, कडेवर दीड वर्षाची राधा. शेडसमोरच्या अंगणात सीताराम या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतोय आणि नाना पायरीवर बसून पेन्सिल ओढतायत, हे बघून पहिल्या दिवशी तिला लाजच वाटली. आपला नवरा काय अस्वल आहे?

“नानानू, चलान चलान पाय मोडले माझे,” सीताराम म्हणाला. “माझ्या चालण्यात बघण्यासारख्या असा तरी काय?”

“पाय उचलत नाहीस तू, सरकवतोस,” नाना म्हणाले. “तेलकट फरशीवर चालणाऱ्याचे पाय आहेत तुझे. उजवा खांदा पुढे, कारण दोन साच्यांमधली वाट अरुंद. ते सगळं समजलं मला. पण दर सातव्या पावलाला मान मागे का टाकतोस?”

“मी?” सीताराम थांबला. त्याला ते माहीतच नव्हतं. मग विचार करून म्हणाला, “दोन साचे म्होरं, दोन पाठी. पाठच्या साच्यावर सूत तुटला तर कळाक व्हया ना? म्हणान वळान बघूचा लागता.”

डबा सोडता सोडता सुभद्राचे हात थांबले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बाजारात, माहेरी, गणपती बघायला, जिथे जायचं तिथे नवरा पुढे आणि ती दोन पावलं मागे, अशीच त्यांची रीत. आणि नऊ वर्षं तो दर थोड्या वेळानं वळून बघत आला होता. तोंडानं कधी दोन शब्द गोड बोलला नाही, पण वळून बघायचा. तिनं तेवढ्यावर संसार केला होता म्हटलं तरी चालेल.

घरी आल्यावर तिनं भाकरी जरा जोरातच थापली. “नऊ वर्सां माका वाटत होता, तुमी माका बघतास म्हणान.”

सीताराम हसला. ताट पुढे ओढून घेतलं.

जानेवारीत सगळं पेटलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं. दगड, अश्रुधूर, मग गोळ्या. सीताराम पाळी संपवून घरी येत होता. बरोबरचे सांगतात, सगळे गल्लीत पळाले, तोही पळाला, पण गल्लीच्या तोंडाशी त्यानं वळून बघितलं. वळला नसता तर वाचला असता, असं ते म्हणायचे. लोक काहीही सांगतात. त्यांना दोन दिवस बोलायला पुरतं, ऐकणाऱ्याला जन्मभर पुरतं.

हुतात्मा म्हणून हार आले, भाषणं झाली. नंतर हार सुकले. घरात सीतारामचा एकच फोटो होता, लग्नाचा. त्यात तो डोळे वटारून, खांदे ताठ करून उभा होता. जन्मात कधी तो तसा उभा राहिला नव्हता. राधा त्या फोटोकडे बोट दाखवून विचारायची, “ह्यो कोण?” बाबा म्हणून सांगितलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तेराव्यानंतर महिन्याभरानं नाना चाळीत आले. चहा घेतला नाही, नजरही वर केली नाही. म्हणाले, “सुभद्रे, चित्रशाळेत धुण्याचं काम आहे. येशील?” आणि जाता जाता, “सीतारामची चाल माझ्याजवळ आहे. पूर्ण आहे.”

सुभद्रा पगारासाठी गेली हे खरं, पण त्याहून जास्त ती या एका वाक्यासाठी गेली. तिला एवढंच हवं होतं, की राधेनं एकदा तरी आपल्या बापाला चालताना बघावं. फोटोतल्या त्या वटारलेल्या माणसाला नाही, सीतारामला.

काम असं होतं. नाना अंगाच्या महत्त्वाच्या ठेवणी, म्हणजे पोझ, कागदावर पेन्सिलीनं काढायचे. त्या पारदर्शक शीटवर शाईनं उतरवल्या जायच्या. दोन ठेवणींमधली चित्रं नाना थेट शीटवरच काढत, कागदाला हात लावत नसत. ती त्यांची खोड होती आणि तिचा त्यांना गर्वही होता. मग रंगकामावरची ललिता आणि इतर मुली शीट पालथी करून मागून रंग भरायच्या, म्हणजे पुढून शाईची रेघ स्वच्छ राहते. एकेका शीटचा कॅमेऱ्याखाली फोटो निघाला की फिल्म लॅबमध्ये जायची. तिकडून ती नीट होऊन आली, नानांनी पाहिली, की त्या शीट सुभद्राकडे यायच्या. सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवायच्या, मऊ फडक्यानं पुसायच्या, दोरीवर चिमट्याला लावून वाळवायच्या आणि पुन्हा कोऱ्या म्हणून वापरायच्या. शीट परदेशातून यायच्या, सहज मिळत नसत. त्यामुळे एकाच शीटवर आज चिमणी असायची, पुढच्या महिन्यात पाटलाचा घोडा.

पुसायला फडकं मऊ लागतं. सुभद्रानं घरून सीतारामची जुनी धोतरं आणली होती. वापरून वापरून सायीसारखी झालेली.

शेडमध्ये दोन फळ्या होत्या. दाराजवळच्या फळीवर फिल्म अजून लॅबमधून न आलेल्या शीट, मोरीजवळच्या फळीवर धुवायच्या. एका सोमवारी मोरीजवळची फळी रिकामी होती आणि ललिता हाताची घडी घालून बसली होती. “सुभद्राबाई, शीट नाहीत हो. आम्ही काय भजन करायचं?” त्या दिवशी नाना शेडमध्ये नव्हते. सुभद्रानं दाराजवळच्या फळीवरचा गठ्ठा बघितला. तिथे येऊन त्याला बारा दिवस झाले होते. लॅबमधून फिल्म यायला आठ दिवस लागतात, हे तिला आतापर्यंत पाठ झालं होतं. आली असेल, नाना गठ्ठा हलवायला विसरले असतील. नाना विसरायचेच. मधल्या आठवड्यात हरताळ होता, लॅब चार दिवस बंद होती, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. सगळी मुंबई बंद होती आणि तिला मात्र वाटलं लॅब तेवढी चालू असणार! माणसाची अक्कल नको तिथे चालते आणि हवी तिथे पेंड खाते.

गठ्ठा पालथा होता. शाईवर ओरखडे पडू नयेत म्हणून तसाच ठेवायची पद्धत होती. मागून बघितलं तर काय दिसतं? मातकट रंगाचे डाग, एक पांढरा डाग, एक काळा. पुढची शाई तर पाण्यात पडताच आधी विरघळायची. चौपन्न शीट. तिनं त्या दुपारभर बसून धुतल्या. हात चांगला चालत होता. ती गुणगुणतही होती, तिलाच नंतर आठवलं. पाणी मातकट झालं तसं दोनदा मोरीत ओतून नवं घेतलं.

गुरुवारी नाना लॅबमधून परत आले ते शेडच्या पायरीवरच बसले. उजेड शिरून फिल्मचा तो तुकडा वाया गेला होता. “हरकत नाही,” ते ललिताला म्हणाले, “शीट आहेत. पुन्हा फोटो काढू. विणकराच्या चालीचा गठ्ठा आण दाराजवळचा.”

ललितानं मोरीकडे बघितलं. दोरीवर कोऱ्या शीट चिमट्यांना लटकत होत्या. काही खाली उतरल्या होत्या आणि त्यांवर आता माठ आणि झाडं आली होती.

सुभद्राला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं हातातलं फडकं पाहिलं. धोतराचं फडकं. जानेवारीतही तो असाच गेला होता, पण तेव्हा निदान गोळी दुसऱ्याची होती.

“मी धुतलंय,” ती म्हणाली. “नाना, मीच धुतलंय त्यांका.”

नाना ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आत जाऊन कपाट उघडलं. कागदावरच्या ठेवणी मिळाल्या, सात. प्रत्येक पावलाची एक. पाय सरकवण्याची, खांद्याची. पण सातव्या पावलाला वळणारी मान त्यांनी एका बैठकीत थेट शीटवर काढली होती. तिचा कागद नव्हता.

पुढचे आठ-दहा दिवस नाना ती मान काढत बसले. विणकर वळायचा, पण कोणीही वळतं तसा. हाक ऐकून वळतात तसा, नाहीतर मान अवघडली म्हणून वळतात तसा. नाना कागद फाडायचे आणि पुन्हा बसायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “माका आठवत नाय,” ते म्हणाले. एरवी शुद्ध बोलणारे नाना. “माझा माणूस माझ्या हातातून गेला गो.”

सुभद्रा मोरीपाशी उभी होती. तिनं हात पुसले. “मी चलान दाखवतंय,” ती म्हणाली.

नानांनी वर बघितलं.

“तुमी तीन रविवार बघितलास,” ती म्हणाली. “मी नऊ वर्सां पाठसून चललंय.”

दुसऱ्या दिवशी ती सीतारामच्या चपला पिशवीत घालून घेऊन आली. ललितानं बाकीच्यांना कामाच्या निमित्तानं आत पिटाळलं आणि खिडक्या ओढून घेतल्या. अंगणात नाना आणि ती, आणि पायरीवर तीन वर्षांची राधा, कारण तिला त्या दिवशी सांभाळायला कोणी नव्हतं. सुभद्रानं नऊवारीचा काष्टा घट्ट केला, त्या मोठ्या चपलांत पाय घातले आणि चालायला लागली. सुरुवातीला जमेना. मागून बघितलेली गोष्ट अंगात आणायची म्हणजे उलटी घडी घालण्यासारखं. मग हळूहळू पाय उचलायचे राहिले. खांदा पुढे झाला. एक, दोन, तीन. सातव्या पावलाला तिनं मान मागे टाकली.

मागे राधा होती. पायरीवरून उतरून ती आईच्या मागे मागे, दोन पावलांवर चालत आली होती.

“पुन्हा,” नाना म्हणाले. “अशीच. पुन्हा चल.”

सुभद्रा चार दिवस चालली. पोटऱ्या सुजल्या. राधेला तो खेळ वाटला, ती रोज मागून यायची.

चौपन्न शीट पुन्हा झाल्या. या वेळी सुभद्रानं त्या फळीवर पालथ्या ठेवू दिल्या नाहीत, फिल्म येईपर्यंत फळीसमोर ती जवळजवळ पहाऱ्यालाच होती. मग चित्रशाळेत साबणाच्या, तेलाच्या जाहिराती आल्या, नानांची गोष्ट मागे पडली, पुन्हा पुढे सरकली. दहा मिनिटांना पाच वर्षं लागली. साठ सालचा मे उजाडला. महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. लालबागेत गुढ्या उभारल्या, पेढे वाटले. सुभद्राला लोकांनी स्टेजवर बसवून नारळ दिला. त्यानंतरच्या रविवारी गिरगावातल्या एका थिएटरात सकाळच्या खेळाला नानांचं चित्र लागलं.

सुभद्रानं राधेला नवा फ्रॉक घातला. वेणी घालताना सांगितलं, “आज बाबांना बघायचंय हां. चालताना.” राधा आता जवळजवळ सहा वर्षांची. तिनं शेजारच्या चार घरांत जाऊन हे सांगून टाकलं.

काळोख झाला. पडद्यावर विणकराचं कापड वाऱ्यावर उडालं. लोक हसले. मग तो रिकामा रस्ता आला आणि त्या टोकाकडून विणकर चालत आला. पाय न उचलता, उजवा खांदा पुढे. थिएटरातलं हसू कमी होत गेलं. पुढच्या रांगेतली कुणी बाई “अगोबाई” म्हणाली. नाना जे म्हणायचे ते खरं होतं, रबराचा नव्हता तो. सुभद्रानं राधेचा हात घट्ट धरला. पाच, सहा, सात. विणकरानं मान मागे टाकली.

“आई!” राधा मोठ्यानं म्हणाली. “आई, ही तर तू!”

“शूऽ.”

“तूच आहेस. तू अशीच बघतेस ना वळून, मी मागे येतेय की नाही ते?” पडद्यावरच्या मिशीवाल्या माणसाकडे बघून ती खुदकन हसली. मग तिनं मान उंच केली, पडद्याच्या कोपऱ्यापर्यंत शोधलं आणि विचारलं, “बाबा कधी येणार?”

सुभद्राला वाटलं, सांगावं. हेच ते. हेच तुझे बाबा. पण तिला ते म्हणवेना, कारण ते खरं आहे की नाही हे आता तिलाही ठाऊक नव्हतं. चार दिवस त्या चपलांत चालून तिनं सीतारामला परत आणलं होतं की त्याच्या जागी स्वतःलाच उभं केलं होतं? खरी चौपन्न चित्रं तिनं मोरीत ओतली होती. ती कुठल्या गटारातून कुठल्या समुद्रात गेली, देव जाणे.

“गेले बाळा,” ती म्हणाली. “आत्ताच गेले. तू हसत होतीस तेव्हा.”

राधेचं तोंड उतरलं. चित्र संपेपर्यंत ती हलली नाही, पुन्हा येतात का ते बघत राहिली. विणकराला त्याचं कापड सापडलं, दिवे लागले, लोक टाळ्या वाजवत उठले. दाराशी नाना उभे होते. त्यांनी सुभद्राकडे बघून हात जोडले. तिनंही जोडले.

बाहेर ऊन होतं आणि फुटपाथवर गर्दी. दोघींना एकमेकींशेजारी चालायला जागा नव्हती. सुभद्रा पुढे झाली, राधा मागे. थोडं अंतर गेल्यावर तिची मान आपोआप मागे वळली. राधा दोन पावलांवर होती. आणखी पुढे पुन्हा वळली, पुन्हा राधा. सुभद्रा फुटपाथच्या मधोमध थांबली. लोक तिला धक्के देऊन जात होते.

नऊ वर्षं तो लालबागच्या रस्त्यांवर वळून बघत होता. रस्त्यावर त्याच्या मागे साचे कुठे होते? मागे तीच होती. त्या संध्याकाळी भाकरी थापताना तिनं विचारलं तेव्हा तो हसला होता आणि तिनं त्या हसण्याचा राग धरला होता. आता हे त्याला विचारायला जायचं कुठे?

डोळे पुसायला तिनं पदर तोंडाशी नेला. मग चालायला लागली. मनाशी म्हणाली, आता वळायचं नाही. पोरीला काय वाटेल? एक, दोन, तीन. तिनं मान ताठ धरली. चार, पाच, सहा.

मान वळलीच.

“आहे मी, आई,” राधा म्हणाली. “चल तू.”